कुलूपबंद नऊ ओळी

प्रियदर्शनी रंगारीला सगळे शांत मुलगी म्हणत. लोकांचं काय, आवाज चढला नाही की माणूस शांत. भंडाऱ्याला तिची आई मात्र म्हणायची की या पोरीनं एकदा डूख धरला की नागीण परवडली, आणि आई उगाच काही बोलणाऱ्यातली नव्हती. चौथीत असताना एका मैत्रिणीनं हिच्या चित्रावर मुद्दाम पाणी सांडलं, तर ही तिच्याशी दहावीपर्यंत बोलली नाही. पाच वर्षांनी ती मैत्रीण माफी मागायला आली. हिनं माफी ऐकून घेतली, आणि तरीही बोलली नाही.

अशा मुलीच्या डोळ्यांदेखत दत्तप्रसादने आपला कीबोर्ड स्पिरिटने पुसला. माणसानं कुणाशी वैर घ्यावं याचाही थोडा अभ्यास असावा, तो त्याचा नव्हता.

नव्व्याण्णव साल होतं. सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, तीन खोल्यांत ती सॉफ्टवेअर कंपनी चालायची. खाली पेशंट खोकायचे आणि वर हॉलंडमधल्या एका विमा कंपनीची पेन्शनं मोजली जायची. प्रियदर्शनी तिथे ऑपरेटर होती. आलेल्या याद्या भरायच्या, मॅन्युअल टाइप करायची, प्रिंट काढून फाइलला लावायची. त्याआधी चार वर्षं ती नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मराठी पुस्तकं टाइप करत होती. वडील बापूराव कारखान्यात फिटर. पोरीच्या बोटांत वेग आहे हे त्यांनीच आधी ओळखून तिला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं.

कंपनीचा सगळा डोलारा एका माणसावर उभा होता, तो म्हणजे दत्तप्रसाद. हॉलंडची गणितं एपीएल नावाच्या भाषेत लिहिलेली होती, आणि ती भाषा पुण्यात येणारा, निदान त्याच्या स्वतःच्या मते, तो एकटाच. या भाषेत शब्द नाहीत, चिन्हं आहेत. शेपटीची, टोपीची, उलटे त्रिकोण, वर्तुळात रेघा. ती साध्या कीबोर्डवर छापलेली नसतात, म्हणून हॉलंडहून एक खास कीबोर्ड आला होता, प्रत्येक बटणावर ती चिन्हं कोरलेला. सहा वाजता तो कापडी खोळीत घालून कपाटात जायचा. कपाटावर दत्तप्रसादच्या वळणदार अक्षरात पाटी होती: ‘येथील वस्तू मागू नयेत. मागितल्यास नाही असे उत्तर मिळेल. उत्तराची वेळ सकाळी दहा ते सहा.’

प्रियदर्शनीनं एकदा त्याला विचारलं होतं, की ही भाषा मला शिकवाल का. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“रंगारीबाई, हे टायपिंग नव्हे,” तो म्हणाला. “याला घरात दोन-तीन पिढ्या गणित असावं लागतं. तुम्ही याद्या छान भरता. भरत राहा.”

हे बोलणं तिनं नोंदवून ठेवलं. पण डूख धरला गेला तो पुढच्या महिन्यात. दत्तप्रसाद रजेवर होता, हॉलंडहून फॅक्स आला की एक ओळ तातडीनं बदलून चालवा. कंपनी सांभाळणाऱ्या नम्रता मॅडमनी कपाट उघडलं आणि प्रियदर्शनीला त्या कीबोर्डवर बसवलं. फॅक्सवरची चिन्हं बघून बघून तिनं ओळ टाइप केली. काम झालं, मॅडम खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी दत्तप्रसादला हे कळलं. तो उठला. खालच्या दवाखान्यात जाऊन वाटीभर स्पिरिट आणि कापूस घेऊन आला, आणि एकेक बटण पुसायला लागला. प्रियदर्शनी समोरच्या टेबलावर बसली होती. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग लांबलचक स्पेसचं बटण, तेही दोनदा. तिच्या आज्यानं जे सोसलं आणि छपन्न साली दीक्षा घेऊन जे मागे टाकलं, ते इथे कापसाच्या बोळ्यातून परत तिच्यासमोर येऊन बसलं होतं. दत्तप्रसादची नजर वर गेली.

“पेठेत धूळ फार हो,” तो म्हणाला, आणि पुसत राहिला.

तिनं त्याच दिवशी ठरवलं. तक्रार नाही, भांडण नाही, नोकरी सोडणं तर मुळीच नाही. या माणसाची खुर्ची घ्यायची. त्याची भाषा शिकायची, त्याच्याहून चांगली शिकायची, आणि एक दिवस त्याला आपल्यासमोर उभं राहून विचारायला लावायचं.

झाडलोट करणाऱ्या कांताबाई सकाळी सातला ऑफिस उघडायच्या, बाकीचे दहाला यायचे. मधले तीन तास प्रियदर्शनीचे झाले. एपीएल तिच्याही कॉम्प्युटरवर चालत होतं, मॅन्युअलची झेरॉक्स तर तिनंच काढलेली. नव्हता तो फक्त खास कीबोर्ड. दुसऱ्या कुणी अशा वेळी बटणांवर कागदाचे तुकडे डकवले असते. पण डकवलेलं दिसतं, आणि दिसलं की दत्तप्रसादला कळतं. म्हणून तिनं एकाही बटणावर काही डकवलं नाही.

खरं तर तिला त्याची गरजच नव्हती, आणि इथेच तो पढतमूर्ख फसला. चार वर्षं छापखान्यात तिनं काय केलं होतं? इंग्रजी अक्षरं छापलेल्या कीबोर्डवर मराठी टाइप केलं होतं. बटणावर एक अक्षर, पडद्यावर दुसरंच. पुण्यातला कुठलाही डीटीपी ऑपरेटर हेच करतो, बटणाकडे न बघता. बोटाला ठाऊक असलं की डोळ्याला विचारावं लागत नाही. कंट्रोल दाबून आय म्हटलं की आयोटा, आर म्हटलं की रो, एस आणि डीवर छत आणि जमीन नावाची चिन्हं. पंधरा दिवसांत चिन्हं बोटांत बसली. ज्या विद्येसाठी दत्तप्रसाद तीन पिढ्या मागत होता, तिची पहिली पायरी नारायण पेठेतल्या छापखान्यात तासाच्या मजुरीवर शिकवत होते.

पुढच्या पायऱ्या मात्र चढाव्या लागल्या. ही भाषा उजवीकडून डावीकडे जाते. दोन गुणिले तीन अधिक चार म्हटलं तर शाळेतली मुलं दहा सांगतील. ही चौदा सांगते, कारण ती आधी उजवीकडची बेरीज करते आणि मग दोनानं गुणते. महिनाभर प्रियदर्शनीचं डोकं उलटंसुलटं झालं. मग एका सकाळी तिनं अकरा हजार माणसांची वयं एका नावात घातली, उजवीकडे एक चिन्ह, डावीकडे एक चिन्ह, आणि सगळ्या अकरा हजारांची उत्तरं एकदम समोर आली. एकेकाला हाक मारायची नाही, रांग लावायची नाही, सगळे एकदम. ती खुर्चीत मागे रेलली आणि हसली. मोठ्यांदा हसली, कांताबाई फडकं घेऊन आत डोकावल्या. तिला आनंद झाला होता आणि त्याचा थोडा रागही आला होता, कारण ती इथे सूड घ्यायला आली होती, सुख घ्यायला नव्हे.

दोन हजार सालच्या ऑगस्टपर्यंत ती तयार झाली. त्याच सुमाराला हॉलंडचं एक गणित अडलं. विमेदार वारला तर मागे राहिलेल्याला पेन्शन किती, हे काढायचं. दत्तप्रसादचं फंक्शन, म्हणजे त्या गणितासाठी लिहिलेल्या ओळींचा संच, एकेक माणूस घेऊन मोजायचं, त्याला चाळीस मिनिटं लागायची आणि बेरीज तरीही चुकायची. तीन आठवडे तो त्याच्याशी झटत होता. प्रियदर्शनीनं ते पाच सकाळींत लिहिलं. नऊ ओळी. चार सेकंदांत उत्तर, आणि बेरीज पैशापर्यंत बरोबर. वरती टिपणाच्या ओळीत तिनं आपलं नाव घातलं, फाइल सगळ्यांच्या डिस्कवर ठेवली आणि नम्रता मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, वा, मस्तच, दत्तप्रसादला एकदा बघून घेऊ दे.

त्यानं बघितलं. प्रियदर्शनीचं नाव असलेली ओळ पुसली, आपलं नाव घातलं, आणि फंक्शनला कुलूप लावलं.

हे कुलूप काय ते सांगायला हवं. एपीएलमध्ये फंक्शन बंद करायची सोय असते. बंद केलेलं फंक्शन चालतं, उत्तर देतं, पण आतल्या ओळी कुणाला दाखवत नाही. आणि एकदा लागलेलं हे कुलूप उघडत नाही, लावणाऱ्यालाही नाही. म्हणून शहाणा माणूस आधी एक उघडी प्रत बाजूला ठेवतो. दत्तप्रसाद आपलं प्रत्येक फंक्शन असं बंद करूनच हॉलंडला पाठवायचा, म्हणजे त्याच्यावाचून कुणाचं पान हलू नये. स्वतःच्या साठेक फंक्शनांच्या उघड्या प्रती त्यानं फ्लॉपीवर जपून ठेवल्या होत्या. या नऊ ओळींची ठेवली नाही. सगळ्यांच्या डिस्कवरची प्रियदर्शनीची प्रतही त्यानं खोडून टाकली, नावाचा मागमूस राहू नये म्हणून. ज्याचं स्वतःचं असतं तो प्रत ठेवतो. आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ खणलं कसं, याची पर्वा कशाला असेल?

आठवड्यानं हॉलंडहून दत्तप्रसादची वाहवा करणारं पत्र आलं. प्रियदर्शनी मॅडमकडे गेली. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की टीममध्ये नाव कुणाचं हे इतकं इम्पॉर्टंट नसतं, आणि मार्चमध्ये क्लायंट येणार आहे, ते इथला एक मुख्य माणूस नेमून पुढच्या पाच वर्षांचं काम देणार आहेत, तोवर वाद नको. प्रियदर्शनी पाणी प्यायली आणि मूग गिळून जागेवर आली. मार्च म्हणजे सहा महिने. सहा महिने तिच्यासाठी काहीच नव्हते.

नऊ ओळी तिच्या डोक्यात होत्या, बोटांत होत्या. त्या तिनं कुठेही लिहून ठेवल्या नाहीत. रोज सकाळी सातला ती एकदा त्या टाइप करायची, चालवून बघायची आणि पुसून टाकायची. पुसताना तिला दत्तप्रसादचा कापूस आठवायचा.

जानेवारीत फॅक्स आला. हॉलंडच्या कायद्यात बदल झाला होता. एक एप्रिलपासून तिथे पुरुषाचं पुरुषाशी आणि बाईचं बाईशी लग्न होणार होतं. ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी हसलं, कुणी नाकं मुरडली, कांताबाई म्हणाल्या की ज्याचं त्याचं घर ज्यानं त्यानं सांभाळावं. प्रियदर्शनीला मात्र एकदम चौथी ओळ दिसली. तिथे तिनंच लिहिलं होतं, की मेला तो पुरुष असेल तर मागे राहिली ती बाई धर, आणि उलट. आता ते चालणार नव्हतं. बदल एवढासा होता: एक चिन्ह काढायचं आणि मागे राहिलेल्याचा स्वतःचा रकाना जोडायचा. पण त्यासाठी चौथी ओळ उघडावी लागणार होती.

दत्तप्रसादनं फ्लॉपी शोधल्या. मग कपाट शोधलं. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फेब्रुवारीभर तो नव्यानं लिहीत बसला. पुन्हा चाळीस मिनिटं, पुन्हा बेरीज चुकलेली. तेवढ्यात कंपनी हिंजवडीला नव्या इमारतीत गेली. सगळे कंपनीच्या बसनं जायला लागले, आणि दत्तप्रसाद खोळीतला कीबोर्ड मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो तिच्या टेबलाशी आला. आला, उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं.

“रंगारी, ते पेन्शनचं जुनं काहीतरी तुमच्याकडे असेल ना? तुमची कच्ची प्रत वगैरे?”

“माझी कसली प्रत, सर?” प्रियदर्शनी म्हणाली. “मी याद्या भरते.”

तो घुटमळला. तिनं पुढची यादी उचलली. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते घडत होतं, आणि तिला ते साखरेसारखं गोड लागलं, खोटं कशाला बोला.

हॉलंडची माणसं आली, एक पिकल्या केसांची बाई आणि एक तरुण. मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर तेच कुलूपबंद फंक्शन लावलं. हॉलंडनं नव्या कायद्यातल्या चौदा जोड्या मुद्दाम यादीत घातल्या होत्या. चौदाही उत्तरं चुकली. बाई शांतपणे म्हणाल्या की फंक्शन उघडा, आपण इथेच बघू. दत्तप्रसादनं सांगितलं की सुरक्षेसाठी ते बंद ठेवलं आहे. मग तुमची उघडी प्रत दाखवा, बाई म्हणाल्या. तो म्हणाला की ती घरी आहे. किती दूर, असं त्या तरुणानं विचारलं, आम्ही थांबतो. नम्रता मॅडम हुशार होत्या. हवं तेव्हा त्यांना सगळं आठवायचं. त्यांनी दारात उभ्या असलेल्या कांताबाईंना सांगितलं, प्रियदर्शनीला बोलवा.

ती आली. दत्तप्रसादनं खुर्ची सोडली. कपाळावर घाम होता. त्यानं आपला कीबोर्ड स्वतःहून तिच्यासमोर सरकवला.

“हा घ्या,” तो हळूच म्हणाला. “यावर चिन्हं आहेत.”

“नको, सर. परत पुसावा लागेल.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिनं ती वायर काढली, बाजूच्या मशीनचा साधा कीबोर्ड जोडला आणि सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीत नवा रकाना. ती बटणांकडे बघत नव्हती, पडद्याकडेही फारसं नाही. हॉलंडची बाई उठून तिच्या मागे आली आणि तिच्या बोटांकडे बघायला लागली, कारण त्या बटणांवर ती चिन्हं नव्हतीच. नऊ ओळी झाल्या. चार सेकंद. चौदाच्या चौदा बरोबर, आणि बाकीच्या अकरा हजारांची बेरीज जशीच्या तशी.

हे तुम्ही आत्ता लिहिलंत का, बाईंनी विचारलं. प्रियदर्शनी म्हणाली, ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. बाईंनी मॅडमकडे पाहिलं, मग दत्तप्रसादकडे, आणि आणखी काही विचारलं नाही. संध्याकाळी करार झाला. मुख्य माणूस म्हणून नाव लिहिलं होतं, प्रियदर्शनी बापूराव रंगारी.

दत्तप्रसादनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मॅडम तो घेऊन तिच्याकडे आल्या. आता तुझ्या टीममधला माणूस, तू ठरव. प्रियदर्शनीनं त्याच्या नोकरीचा करार काढून दाखवला. नोटीस तीन महिन्यांची होती. तिनं सांगितलं की त्यांची साठ फंक्शनं बंद आहेत आणि त्या फ्लॉपींवर आता माझा विश्वास नाही. तीन महिन्यांत ती सगळी परत लिहून द्यावीत, उघडी, प्रत्येक ओळीवर टिपण घालून. माझ्या समोरच्या टेबलावर बसून, साध्या कीबोर्डवर.

तो बसला. त्याला घर होतं, कर्ज होतं, अनुभवाचं पत्र हवं होतं. रोज एक-दोन फंक्शनं तो लिहायचा, प्रिंट घेऊन तिच्यासमोर उभा राहायचा, तिला मॅडम म्हणायचा. ती उजवीकडून डावीकडे वाचायची, लाल पेननं खूण करायची, परत द्यायची. एकही अपशब्द तिनं वापरला नाही. गरज नव्हती. कधी वाटे, हे फार होतंय. मग स्पेसचं बटण आठवे, दोनदा पुसलेलं, आणि ती पुन्हा लाल पेन उचलायची.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी साठावं फंक्शन झालं. पावणेसहा वाजले होते, सहाची बस खाली लागली होती. दत्तप्रसादनं पिशवी भरली, तिच्यासमोर आला आणि म्हणाला, “मॅडम, एक विचारू? त्या दिवशी हॉलंडच्या लोकांसमोर तुम्ही म्हणालात, परत पुसावा लागेल. मी खूप विचार केला. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही.”

प्रियदर्शनीनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. तो खोटं बोलत असता तर तिला चाललं असतं. तो खरं बोलत होता. दीड वर्ष ती ज्या एका सकाळीवर जगली, ती सकाळ याच्याकडे नव्हतीच. हात धुवावेत तसं त्यानं ते केलं होतं, आणि हात धुतल्याचं कोण लक्षात ठेवतं?

तिनं सांगितलं. फॅक्स, रजा, वाटी, कापूस, धूळ, सगळं. आवाज चढवला नाही. त्यानं ऐकलं, कपाळाला आठी घातली, आठवून बघितलं.

“असेल हो,” तो म्हणाला. “तेव्हा मी ते नेहमीच... म्हणजे, सॉरी. मनावर घेऊ नका.” आणि घड्याळाकडे बघितलं.

तिला वाटलं होतं की त्याची खुर्ची मिळाली की सूड पुरा होईल. खुर्ची मिळाली, नाव मिळालं, माणूस तीन महिने समोर उभा राहिला, आणि आता तो सॉरी म्हणून बस पकडायला निघाला होता, बसमध्ये कुणाचा पाय लागल्यावर म्हणतात तसं. त्याच्याकडून जे हवं होतं ते त्याच्यापाशी नव्हतंच. तिनं त्यानं नुकतंच दिलेलं साठावं फंक्शन समोर ओढलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लाल रेघ मारली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

“हे चुकलंय,” ती म्हणाली. “बसा. पुन्हा लिहा.”

दत्तप्रसादनं कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली. खाली बस सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग ती फाटकातून बाहेर पडली. तो साध्या कीबोर्डवर एकेक बटण शोधत लिहायला लागला. फंक्शन बरोबर होतं. तिला ते माहीत होतं.